चुकांची कीर्द

नमस्कार श्रोतेहो.

१२० पैकी ४०. आणि तीन महिन्यांनी १२० पैकी साडेशहाऐंशी. हे दोन्ही आकडे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतले, माझ्या भाचीचे गुण आहेत, आणि आज मी बोलणार आहे ते या दोन आकड्यांच्या मधल्या तीन महिन्यांबद्दल. रेडिओवर आकडा एकदा ऐकला की निसटून जातो, म्हणून पुन्हा सांगते. आधी चाळीस, मग साडेशहाऐंशी. मुलगी तीच, परीक्षा तीच.

मी इथे पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमच्या वेळी कायद्याच्या प्रवेशाला परीक्षा नव्हती. गुणपत्रिका घेऊन लॉ कॉलेज रस्त्यावर जायचं, यादीत नाव लागलं की झालं. त्या रस्त्याला ज्याच्यामुळे ते नाव पडलं ते आयएलएस महाविद्यालय १९२४ चं, यशवंतराव चव्हाणांनी कायदा शिकला ते. आता तिथे जायचं तरी राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं तर क्लॅट, म्हणजे कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट.

माझी भाची क्लॅट देत होती. २००८ साली सुरू झालेली ही परीक्षा. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपली वेगळी परीक्षा घेतं, बाकी बहुतेक सगळी राष्ट्रीय विधी विद्यापीठं हीच धरतात. आपल्या महाराष्ट्रात ती तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. १२० मिनिटं, १२० प्रश्न. बरोबर आलं तर एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा, कोरं सोडलं तर शून्य. हा पाव गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. २०२० पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात. साडेचारशे शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा, आणि त्याखाली चार-पाच प्रश्न. परीक्षेचं एवढंच. आता भाचीकडे येते.

ती सासवडची. दाजींचं तिथे किराण्याचं दुकान आहे. पहिल्या खेपेला तिचा प्रवेश हुकला, म्हणून एक वर्ष थांबून ती माझ्याकडे राहायला आली. सकाळी सातला डबा घेऊन नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत जायची ती रात्री नऊला परत. कष्टात कुठे कमी नव्हती. दोन महिन्यांत तिने २२ सराव परीक्षा दिल्या होत्या आणि प्रत्येकीचे गुण फ्रिजवरच्या कागदावर लिहिले होते. ३८, ४३, ४१, ४२, ३९. बाविसावी परीक्षा, ४०.

गणपती बसायच्या आधीच्या शनिवारी दाजी आले. दिवे घाट उतरून, बसने, हातात सीताफळांची पिशवी. इथे एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सीताफळाची रबडी, सीताफळाचं आइस्क्रीम मला अजिबात पटत नाही. सीताफळ हाताने फोडावं, एकेक बी तोंडात घोळवावी, गर संपला की टाकावी. त्याला वेळ लागतो आणि तो लागावाच. पुरंदरच्या शेतकऱ्याने वर्षभर झाड सांभाळलंय, आपण त्याला दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

तर, दाजी आले. जेवणं झाली. फ्रिजवरचा कागद त्यांनी पाहिला होता, पण जेवताना काही बोलले नाहीत. मी ओटा आवरत होते, बापलेक टेबलाशी बसले होते. दाजींनी विचारलं, "काल किती चुकले?"

"चौसष्ट."

"का चुकले?"

"सिली मिस्टेक्स आहेत बाबा. पुढच्या वेळी येतील बरोबर."

दाजी थोडं थांबले. मग म्हणाले, "अगं, रात्री गल्ल्यात पंधरा रुपये कमी भरले तर मी सिली मिस्टेक म्हणून शटर ओढतो का? कीर्दीचा मेळ बसेस्तोवर मी घरी येत नाही. तुझ्या आईला विचार, किती वेळा जेवण गार झालंय. चौसष्टचा खड्डा आहे आणि तुला तो कुठे पडलाय ते माहीत नाही?"

ती गप्प. मीही हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

दाजींनी पिशवीतून वही काढली. दुकानासाठी येताना अप्पा बळवंत चौकातून घेतली होती, लाल कापडी बांधणीची, लांबट, आपल्याकडे व्यापारी वापरतात तशी. पहिल्या पानावर त्यांनी तारीख घातली आणि वही तिच्यापुढे सरकवली. म्हणाले, "काढ तुझी प्रश्नपत्रिका. पहिली चूक."

तिने उत्तरं पाहायला मोबाइल घेतला. दाजींनी त्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो. दिवसभर हळद तोलून तोलून नखांच्या कडा पिवळ्या झालेला. "बरोबर काय ते नंतर बघू. आधी तू हेच का लिहिलंस ते सांग. आणि मला कळेल असं, मराठीत सांग."

दाजी दहावी शिकलेले. इंग्रजी अक्षर लागतं त्यांना, पण उतारा वाचून समजणं कठीण. म्हणून तिला प्रत्येक प्रश्न त्यांना मराठीत सांगावा लागला, आणि खरी गंमत तिथे झाली.

चौथी का पाचवी चूक असेल. कायद्याच्या तर्काचा प्रश्न. उताऱ्यात तत्त्व दिलेलं होतं, की दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीवाचून पाऊल टाकलं की ते अतिक्रमण, मग हेतू काहीही असो. खाली हकीकत अशी, की एका मुलाचा चेंडू शेजाऱ्याच्या अंगणात गेला, तो न विचारता आत गेला आणि चेंडू घेऊन आला. हे अतिक्रमण आहे का? भाचीने 'नाही' लिहिलं होतं.

ती दाजींना मराठीत सांगू लागली. "बाबा, नियम असाय, की परवानगी नसताना पाऊल टाकलं तर अतिक्रमण, मग हेतू काहीही..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "हेतू काहीही असो." मग माझ्याकडे वळून, जवळजवळ ओरडूनच, "मावशी, हे इथे लिहिलंच होतं की गं!"

लिहिलंच होतं. इंग्रजीत तिने ते शब्द डोळ्यांखालून घातले होते, पण वाचले नव्हते. मराठीत तोंडाने म्हणावे लागले तेव्हा ते कानाला लागले. शिवाय या चुकीत आणखी एक खोच होती, वकील म्हणून मला ती लगेच दिसली. फौजदारी कायद्यात अतिक्रमणाला हेतू लागतो. जुन्या दंड संहितेत ते कलम ४४१ होतं, आता न्याय संहितेत ३२९ आहे. पोरीने ते कुठेतरी वाचून ठेवलं होतं. प्रश्न मात्र दिवाणी बाजूचा, आणि तत्त्व समोर छापलेलं. तिने छापलेलं बाजूला ठेवून आठवणीतलं लिहिलं. म्हणजे ती चुकली ती काही माहीत होतं म्हणून.

रात्री एकपर्यंत आम्ही तिघं बसलो. सीताफळाच्या बियांची ताटली भरली. दाजींनी वहीत चार रकाने पाडले होते, त्यांत ६४ चुका एकेक करून बसल्या. शब्द निसटला, १६. उताऱ्याबाहेरचं वापरलं, १४. वेळ संपली म्हणून न वाचता गोळे रंगवले, २१. आणि खरोखर येतच नव्हतं, १३.

हे मी पुन्हा सांगते श्रोतेहो, कारण सगळं इथे आहे. ६४ चुकांपैकी खरोखर येत नव्हतं अशा चुका फक्त १३. उरलेल्या ५१ चुकांसाठी तिला नवं काही शिकायचं नव्हतं.

दाजींनी मग वेळ संपली त्या रकान्याचा हिशेब केला, तोंडी. शेवटचे २८ प्रश्न न वाचता मारले होते, त्यातले सात लागले, एकवीस चुकले. एकवीस पाव म्हणजे सव्वापाच. सातातून सव्वापाच गेले, पावणेदोन. "अठ्ठावीस पोती माल आणि हातात पावणेदोन रुपये," म्हणाले. क्लासमध्ये कुणी तिला असं करून दाखवलं नव्हतं. पाव गुणाच्या भीतीने प्रश्न सोडावेत की मारावेत यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात. खड्डा तिथे नसतो. ते अठ्ठावीस प्रश्न वाचायलाच मिळाले नाहीत, हा खड्डा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने दाजी दुकान उघडायला परत गेले. वही ठेवून गेले.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. एकामागून एक सराव परीक्षा देणं बंद. आठवड्याला दोनच, आणि त्याही दुपारी दोन ते चार, कारण खरी परीक्षा त्याच वेळी असते. जेवणानंतर डोळे जड होतात ती वेळ, तिची सवय करावी लागते. दुसरा अख्खा दिवस वहीला. उत्तरतालिका न उघडता चुकीचा वाटणारा प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवायचा, आपण काय समजलो ते मराठीत एका ओळीत लिहायचं, आणि मगच उत्तर पाहायचं. पुन्हा सांगते, उत्तर शेवटी पाहायचं. अमेरिकेत १९४८ पासून एलसॅट नावाची कायद्याची प्रवेशपरीक्षा होते, १२० ते १८० अशी तिची मोजपट्टी आहे. तिथली मुलं हीच पद्धत वापरतात, ब्लाइंड रिव्ह्यू म्हणतात तिला. दाजींनी ते नाव कधी ऐकलेलं नाही.

वेळेसाठी तिने क्रम बदलला. चालू घडामोडी आधी, कारण तिथे येतं किंवा येत नाही, रेंगाळायला काही नसतं. मग कायदा, मग तर्क आणि इंग्रजी, गणित शेवटी. आणि रोज रात्री जेवताना एका इंग्रजी अग्रलेखाचा सारांश मला दोन वाक्यांत सांगायचा, मराठीत. तिसरं वाक्य आलं की मी थांबवायची.

मराठीचं निघालंच आहे तर बोलतेच. क्लॅट फक्त इंग्रजीत होते, हे मला बरोबर वाटत नाही. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो, फिर्याद मराठीत असते, सातबारा मराठीत असतो. तिथे उभा राहणारा वकील निवडताना त्याला मराठी वाचता येतं का हे कुणीच विचारू नये? आपल्या राज्याची सीईटी मराठीतही देता येते, ही चांगली गोष्ट आहे. आणि हो, त्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, एकही नाही. दोन्ही परीक्षा देणारी मुलं हा फरक विसरतात आणि सीईटीत प्रश्न कोरे सोडून येतात. मी पाहिलंय.

गुण सरळ चढत गेले असं समजू नका. ४७ झाले, मग ४६, मग ५८. नवरात्रात सलग दोन परीक्षांत ५१ वर आले, तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन रडली. मी वही उघडायला लावली. शब्द निसटला, या रकान्यात त्या आठवड्यात चारच चुका होत्या. येत नव्हतं, हा रकाना फुगला होता, कारण आता ती शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचत होती आणि अवघड प्रश्न तिला पहिल्यांदाच भेटत होते. घसरण दिसत होती ती मुळात पुढे गेल्याची खूण होती. वही नसती तर हे आम्हाला कळलं नसतं, आणि तिने कदाचित तिथेच हाय खाल्ली असती.

दिवाळीनंतर ७१ आले. डिसेंबरात खऱ्या परीक्षेत ९२ बरोबर, २२ चूक, ६ कोरे. बावीस पाव साडेपाच. ९२ मधून साडेपाच गेले, ८६.५. आज ती एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकतेय. चौकाचौकांत क्लासचे फलक लागतात, मुलांचे हसरे फोटो, खाली मोठ्या अक्षरात गुण. त्या फलकांवर प्रत्येक मुलाचे पहिल्या सराव परीक्षेचे गुणही छापले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. ४० वर अडकलेल्या मुलाला रस्त्यात उभं राहून तो आकडा वाचायला मिळाला पाहिजे.

परीक्षा संपवून ती घरी आली त्या संध्याकाळी दाजींचा फोन आला होता. कशी गेली हे त्यांनी विचारलंच नाही. "मेळ लागला का?" एवढंच विचारलं. तिने सांगितलं, उत्तरतालिका यायचीय, आली की लावते. आणि आली तेव्हा, प्रवेश पक्का दिसत असतानाही, तिने त्या २२ चुका वहीत चार रकान्यांत नोंदवल्या. शब्द निसटला, तीन.

आता तिचा धाकटा भाऊ अकरावीत आहे. गेल्या महिन्यात आला आणि म्हणाला, मावशी, ताईची वही मला दे, निम्मी कोरीच आहे. मी दिली नाही. त्या चुका तिच्या आहेत, त्याच्या वेगळ्या निघतील. त्याला घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले आणि तशीच लाल कापडी वही घेऊन दिली, दोनशे पानी. दुकानातच त्याने काउंटरवर ठेवून पहिल्या पानावर तारीख घातली.

नमस्कार.