काटा नेमका कधी चढतो? उन्हाळा आणि स्पोर्ट्‌स कारचं इंजिन

मंडळी, गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: कधी? सिग्नलला उभं असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो? की शहरात सगळं ठीक असतं आणि एक्स्प्रेसवेवर वेग धरला की चढतो? का वेगाचा काही संबंधच नाही, हळूहळू चढतच राहतो? या उत्तरानं निम्मं निदान होतं. ते न विचारता आधी थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप), मग पंप, मग नवा रेडिएटर असं एकेक बदलत जाणं म्हणजे मालकाच्या पैशावर अंदाज बांधणं.

आज उदाहरणाला पोर्शेची पहिली बॉक्स्टर घेऊ, म्हणजे १९९६ च्या अखेरीस आलेली ९८६, आणि तिच्यासोबत त्याच घराण्याचं इंजिन असलेली ९९६ क्रमांकाची ९११. त्याआधीची ९११ हवेवर आणि तेलावर थंड होणारी होती. १९९८ मध्ये ती परंपरा संपली आणि पाणी आलं. या दोन्ही गाड्या शिकायला उत्तम, कारण इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. पाणी गाडीच्या पोटाखालच्या पाइपांतून पुढे जातं, बंपरच्या दोन कोपऱ्यांतल्या दोन रेडिएटरांतून फिरतं आणि परत येतं. बॉक्स्टर एसला मध्ये तिसरा रेडिएटर असतो. बाजूच्या प्रत्येक रेडिएटरपुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि मागे पंखा.

आता उन्हाचं गणित. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा २० अंश, तर फरक ७५. नागपुरात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता एक तृतीयांशानं कमी. त्यात एसी चालू. कंडेन्सरमधून तापून आलेली हवा ६० अंशांवर रेडिएटरला भिडली तर फरक ३५, म्हणजे निम्म्याहूनही कमी. जानेवारीत जी गाडी कुरकुर करत नाही ती मे महिन्यात का उकळते, याचं उत्तर इथे आहे. बिघाड जानेवारीतही होताच. त्याला झाकायला फरक शिल्लक होता.

काट्यावर फार विसंबू नका. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ८० ते ११० अंशांच्या दरम्यान पाणी कुठेही असलं तरी तो मधोमध उभा. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या निदानासाठी दिलेल्या जोडणीला लावायचं स्कॅनर स्वस्तात मिळतं, मोबाइलवर अंशांत आकडा दाखवतं. ते लावा आणि आपल्या गाडीचे नेहमीचे आकडे लिहून ठेवा. मोकळ्या रस्त्यावर किती, सिग्नलला पाच मिनिटांनी किती, पंखा सुरू होतो तेव्हा किती. आणि एक खूण लक्षात असू द्या: तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली पडला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. सेन्सरभोवतीचं पाणी गेलं, तिथे हवा किंवा वाफ उरली, असा त्याचा अर्थ असू शकतो. इंजिन ताबडतोब बंद.

तर पहिला प्रकार: उभ्या गाडीत चढतो, चालत्या गाडीत उतरतो. याचा अर्थ पाणी फिरतंय, रेडिएटरही काम करतोय, हवा मात्र येत नाही. म्हणजे पंखा. बॉक्स्टरचे पंखे दोन गतींचे असतात. संथ गतीचा वीजप्रवाह एका रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाह कमी करणाऱ्या अडथळ्यातून जातो, आणि हा रेझिस्टर तिथल्या उष्णतेनं आणि ओलाव्यानं जळतो. मग संथ गती मेली, पण जलद गती शाबूत. पाणी बरंच तापेपर्यंत पंखा गप्प आणि मग एकदम जोरात. मालकाला वाटतं, पंखा तर चालतोय! तपासणी सोपी आहे. थंड गाडी सुरू करा, एसी लावा, आणि पुढे जाऊन दोन्ही बाजूंना कान द्या. एसीबरोबर दोन्ही पंखे संथ गतीनं फिरायला हवेत. एकच फिरला तर दुसऱ्या बाजूचा रेझिस्टर, रिले, फ्यूज किंवा मोटर. दोन्ही गप्प असतील तर आधी एसीत गॅस आहे ना ते बघा. गॅस नसला की एसी सुरूच होत नाही आणि पंख्यालाही हुकूम जात नाही.

पंखा फिरतोय पण मरगळलेला, असंही होतं. मुंबई, अलिबाग, गोव्याच्या खाऱ्या हवेत पंख्याच्या अर्थिंगला गंज चढतो. पंखा चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टमीटर लावा. जलद गतीला बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी, इतपत चालेल. तीन-चार व्होल्ट वाटेतच गायब असतील तर मोटर बदलू नका, जोड घासून साफ करा.

याच प्रकारात दुसरा संशयित म्हणजे कचरा, आणि याच्यावर थोडं थांबू, कारण इथे सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा आहे. बंपरच्या त्या दोन तोंडांतून पाला, गुलमोहराच्या पाकळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, किडे, चिखल सगळं आत जातं आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतं. बाहेरून बघितलं तर कंडेन्सर चकाचक. आत लगद्याची गादी. हा लगदा पावसाळाभर ओला राहतो आणि अॅल्युमिनियम खातो. रेडिएटर खालच्या कोपऱ्यात झिरपू लागतात ते म्हणूनच. साफ करायला पुढचा बंपर उतरवावा लागतो. ऐकायला मोठं वाटतं, पण वरचे आणि खालचे स्क्रू, चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि बाजूच्या दिव्यांचे कनेक्टर एवढंच. मग कंडेन्सरचे बोल्ट काढून तो अलगद पुढे झुकवायचा. एसीचे पाइप सोडायचे नाहीत, त्यांना पीळही द्यायचा नाही. सुका कचरा व्हॅक्यूमनं आणि मऊ ब्रशनं काढा. मग कमी दाबाचं पाणी, शक्यतो आतून बाहेर. सर्व्हिस स्टेशनची प्रेशर गन इथे नको. रेडिएटरच्या पातळ फिन, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या, एका फटक्यात आडव्या होतात आणि वाट कायमची बंद. वर्षातून दोनदा करा, पावसाळा संपला की एकदा आणि मार्चमध्ये एकदा. बंपर उघडाच आहे तर तोंडांना आतून स्टीलची जाळी बसवून घ्या, भोकं साधारण सहा मिलिमीटरची. डासांची जाळी लावणारे महाभागही भेटतात. तिच्यातून कचरा जात नाही हे खरं, पण हवाही जात नाही.

दुसरा प्रकार: वेगात चढतो. वाऱ्याची कमतरता नाही, मग पंख्याचा दोष नाही. एकतर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा हवा रेडिएटरला चुकवून जाते. हवेचं आधी बघा, कारण ते फुकट आहे. अपघातानंतर बंपर बदललेल्या गाड्यांत रेडिएटरभोवतीचे प्लॅस्टिकचे डक्ट आणि फोमच्या पट्ट्या परत लावलेल्याच नसतात. हवेला फिनमधून घुसण्यापेक्षा बाजूनं निसटणं सोपं, ती तेच करते. पोटाखालचं कव्हर काढून फेकलेलं असेल तर तेही परत बसवा. हवेचा ओघ आखताना ते धरलेलं असतं.

मग पंप. या इंजिनाच्या वॉटर पंपाची चक्री प्लॅस्टिकची. वर्षांनी ती ठिसूळ होते, पाती तुटतात आणि तुकडे पाण्याबरोबर आत फिरतात. पंप बदलताना जुन्या चक्रीची पाती मोजा. कमी भरली तर तुकडे शोधून काढल्याशिवाय इंजिन परत जोडू नका. धातूच्या चक्रीचे पंपही मिळतात, त्यावर दोन मतं आहेत. माझा कल प्लॅस्टिककडे, कारण बेअरिंग सैल झालं की धातूची चक्री इंजिनाच्या कवचावर घासते, आणि कवच पंपासारखं बदलता येत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला आपल्याकडचा: गाडी तापते, काढून टाका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून जाणारी, वाटही बंद करतो. तो काढलात तर पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतो, आणि गाडी उलट जास्त तापू शकते. दुसरा गैरसमज परदेशी वळणाचा: मूळचा सुमारे ८३ अंशांना उघडतो, तर ७१ अंशांचा लावा म्हणजे तापणं थांबेल. थर्मोस्टॅट फक्त खालची मर्यादा ठरवतो. पाणी १०५ वर गेलं तेव्हा दोन्ही थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलेच असतात. मोकळ्या रस्त्यावर ७१ वाल्यामुळे आकडा कमी दिसेल, ट्रॅफिकमध्ये नाही.

पाण्याबद्दल. बोअरिंगचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आत थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. डिस्टिल्ड वॉटर घ्या. निम्मं कुलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पुण्यात त्याचा उपयोग शून्य. कुलंटमधलं मुख्य द्रव्य, ग्लायकॉल, पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून आपल्या हवेत ३५ ते ४० टक्के पुरे. त्याखाली उतरू नका, कारण गंज रोखणारी द्रव्यंही कुलंटमध्येच असतात. रंग बघून दोन कुलंट मिसळू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा, रसायन वेगळंच असू शकतं, आणि चुकीच्या जोडीचा आत चिकट गोळा होतो.

उकळण्याची मर्यादा दाबावर ठरते, कुकरसारखीच. निम्म्या मिश्रणाला उघड्यावर १०७ अंश, आणि पाण्याच्या टाकीची टोपी सुमारे एक बारचा दाब धरणारी असेल तर तिच्याखाली जवळपास १२९. टोपीचं रबर कडक झालं की हे वरचे वीसेक अंश गेले, आणि मग ११० लाच बुडबुडे सुटतात. बाकी काही बदलायच्या आधी टोपी बदला. या गाड्यांसाठी पोर्शेनं टोपी अनेकदा सुधारली. पार्ट नंबरच्या शेवटी ०४ असलेली घ्या. बॉक्स्टरच्या मागच्या डिकीतली एक्स्पान्शन टाकी, म्हणजे ही टोपी असलेली पाण्याची टाकीही तडकते. हातपंपाच्या टेस्टरनं टोपीवर लिहिलेला दाब द्या, पंधरा मिनिटं थांबा, काटा उतरतो का बघा, आणि टाकीखालचा गालिचा हातानं चाचपा.

पाणी बदललं की हवा काढणं आलं. इतके लांब पाइप असल्यानं एअर लॉक, म्हणजे हवा अडकून पाणी थांबणं, हमखास होतो. टाकीच्या तोंडाजवळची तारेची कडी वर करा, म्हणजे हवा सुटायची वाट उघडते. पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर चालवा, पातळी उतरेल तसं भरत राहा. व्हॅक्यूमनं भरायचं यंत्र असेल तर एका दमात होतं. आठवडाभर थंड गाडीत पातळी बघत राहा.

तापमान मोजायची बंदूक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बरीच कमी आकडा दाखवते. रबरी होजवर धरा, किंवा धातूवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर.

तिसरा प्रकार, कधीही चढतो आणि पाणी कमी होत राहतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा कडक होत असेल तर ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतोय: हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) किंवा तडकलेलं हेड. टाकीच्या तोंडावर हा वायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाची टेस्ट करा. तो पिवळा पडला तर पुढचं काम मोठं आहे.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण, काचा खाली. हीटर हाही छोटा रेडिएटरच. खंडाळ्याच्या चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटू नका. एक गिअर खाली, ३,००० च्या आसपास फेऱ्या आणि हलका पाय. पंप इंजिनाबरोबर फिरतो, फेऱ्या पडल्या की पाणीही मंदावतं. दोन मिनिटांत उतार नाही, किंवा वाफ दिसली, तर बाजूला घ्या आणि बंद करा. टोपीला हात लावू नका. ११५ अंशांचं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन अंगावर येतं. किमान पाऊण तास थांबा, आणि गरम इंजिनात गार पाणी ओतू नका.

ट्रॅकवर, समजा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, पाण्याइतकंच तेलाकडे बघा. या इंजिनात तेल पाण्याच्याच कूलरनं थंड होतं, म्हणजे पाणी चढलं की तेल मागोमाग. तेल १३० अंशांकडे सरकलं की सेशन संपलं असं समजा. शेवटची फेरी हळू मारा आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा. लगेच बंद केलंत तर पाणी फिरायचं थांबतं आणि धातूतली उष्णता जागच्या पाण्यात शिरते. आकडा बंद गाडीतच आणखी वर जातो. आणि पाणी १२० च्या पुढे जाऊन आलं असेल तर त्या दिवशी दुसरं सेशन नाही. थंड झाल्यावर पातळी, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय आणि ती निळी टेस्ट, तिन्ही बघून मगच किल्ली फिरवा.