चाकरमानी मुंबईला का गेला?

हा रत्नागिरी जिल्ह्यातला डोंगरउतार. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उतारावर आणि कातळावर त्याचं पाणी टिकत नाही. म्हणून भाताचं पीक एकच. उन्हाळ्यात कवळ (तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा आणि शेण पसरून भाजवण करायची, म्हणजे ते शेतातच जाळायचं, पहिल्या पावसात तरवा (रोपं) पेरायचा, तीन-चार आठवड्यांनी लावणी, दसऱ्याच्या सुमारास कापणी. वरच्या वरकस, म्हणजे हलक्या, जमिनीत नाचणी-वरी दोन-तीन वर्षं घेतली की ती पडीक सोडावीच लागे.

त्यातही कुळाच्या भातातला निम्मा वाटा अर्धेलीने खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी जाई. वर वेठ, म्हणजे बिनमजुरीचं काम, वेगळी. उरलेलं धान्य पुढच्या कापणीपर्यंत पुरत नसे. धान्य निदान उसनं मिळे. मीठ, कापड, लग्न आणि सावकाराचं व्याज यांना रोख लागे, आणि रोख गावात नव्हती.

ती मुंबईत होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी तिथे कापड गिरणी काढली, पाठोपाठ परळ-लालबागला धुराडी उभी राहिली. दाभोळ, जयगडहून बोटीने माणसं निघाली; तेच चाकरमानी. गिरणीच्या फाटकावर जॉबर, म्हणजे मुकादम, कामगार निवडी आणि त्याची दस्तुरी (दलाली) घेई. म्हणून गावचा माणूस जॉबर असेल ती गिरणी आधी गाठायची. कायमवाला गैरहजर असला तरच बदली कामगाराला काम. राहायला गाववाल्यांची सामायिक खोली: रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असे. खानावळीचे पैसे चुकते झाले की उरलं ते मनीऑर्डरने घरी.

शहराच्या ओढीने माणसं गेली, हे म्हणणं आम्हाला पटत नाही. शेत हातचं जाऊ नये म्हणून ती गेली. मागे बायका आणि म्हातारी माणसं शेत कसत होती. लावणीला घरी जावं तर फाटकावरची जागा दुसरा घेई. न जावं तर गड्याला मजुरी द्यावी लागे. ही ओढाताण दर जूनला.

१९४९ च्या कायद्याने खोती गेली. जमिनीचे तुकडे आणि एकच पीक मात्र राहिलं, त्यामुळे जाणं थांबलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मग गिरण्या बंद पडत गेल्या. पुढची पिढी विरार, डोंबिवलीला स्थिरावली. आता सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, आत्या अशी सगळ्यांची नावं आहेत. वाटणी झालेली नाही. त्यामुळे बांध ढासळला तर खर्च कुणी करायचा हे ठरत नाही आणि काजूची कलमं लावायलाही कुणी पुढे येत नाही.