सहाध्यायांचे गुण

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एका अध्यापक महाविद्यालयात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची कृतिसंशोधन (शिक्षकाने वर्गातली अडचण सोडवण्यासाठी स्वतः केलेले संशोधन) सादरीकरणे सुरू आहेत. फळ्यापाशी उभी असलेली छात्राध्यापिका सहावीतल्या मुलांची एक नेहमीची चूक दाखवते आहे : १/२ + १/३ = २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून टाकण्याची ही सवय कागदी पट्ट्यांच्या घड्या घालून मोडता येते का, हा तिच्या संशोधनाचा विषय आहे.

बाकांवरच्या प्रत्येक सहाध्यायापुढे एक पदनिश्चयन श्रेणी, म्हणजे निकषवार गुण देण्याची पत्रिका, आहे. समस्येची मांडणी, नमुना निवड, साधने, निष्कर्षांचा आधार, फलकलेखन, आवाज आणि वेळेचे भान या निकषांवर १ ते ५ गुण द्यायचे असून प्रत्येक गुणापुढे एका ओळीत कारण लिहायचे आहे. कारण नसलेला गुण धरला जात नाही. पत्रिकेवर गुण देणाऱ्याचे नाव नसते. एकमेकांच्या वह्या उतरवून घेतलेल्यांना अक्षर ओळखू येतेच, ही गोष्ट वेगळी.

या पत्रिकेमागची तयारी मोठी आहे. आधी एक सराव सादरीकरण सर्वांनी मिळून तपासले. त्यातल्या ‘मुलांमध्ये चांगली सुधारणा झाली’ या निष्कर्षाला कोणी ५ दिले, तर कोणी २. कारण उपक्रमानंतरच्या उत्तर चाचणीशी तुलना करायला उपक्रमाआधीची पूर्व चाचणीच घेतलेली नव्हती. त्या वादातून ५ कशाला आणि २ कशाला, हे शब्दांत उतरले. मैत्रीखातर पडणाऱ्या गुणांचे वजन कमी व्हावे म्हणून सरासरीऐवजी मध्यांक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण) घेतात.

फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली ४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात सहाध्यायांचे आणि शिक्षकांचे गुण यांचा सरासरी सहसंबंध ०.६९ आढळला (१ म्हणजे पूर्ण मेळ); निकष नीट समजलेले असतील आणि एकूण कामगिरीला एकच गुण दिला असेल, तर मेळ अधिक चांगला बसतो. पत्रिकेच्या तळाशी एकूण गुणाची वेगळी चौकट आहे ती त्यासाठीच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शाळेच्या प्रगतिपुस्तकातही सहाध्यायी मूल्यमापन यायचे आहे. वर्गात ते करवून घेणाऱ्याने आधी स्वतः त्यातून गेलेले बरे.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “उत्तर चाचणीत पूर्व चाचणीतलीच उदाहरणे दिली होती का?” सादरीकरण करणारी क्षणभर थांबून ‘हो’ म्हणते. बऱ्याच पत्रिकांवर ‘साधने’पुढचा ४ खोडून २ होतो.

हे गुण अंतर्गत गुणांत धरले जात नाहीत. मध्यांक आणि कारणे तिच्याकडे परत जातात, आणि अहवाल जमा करण्यापूर्वी नवी उत्तर चाचणी घ्यायला तिच्या हाती एक आठवडा उरतो.