वर्गणीचं पत्र

नमस्कार मंडळी.

शिमग्यात माझी आत्या अंगण सारवून, रांगोळी काढून, ओटीचं ताट हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. ढोल जवळ यायचे, शेजारच्या अंगणात पालखी नाचायची आणि मग आवाज खालच्या वाडीकडे वळायचा. ताटातला नारळ आत्या देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवायची. मी तेव्हा नववीत होतो.

दक्षिण रायगडातलं आमचं गाव. बांधाच्या वादात आतोबांनी गावकीचा निवाडा मानला नाही, कोर्टात गेले. म्हणून घर वाळीत टाकलं. दुकानात सामान नाही, गिरणीत दळण नाही, लग्नाचं बोलावणं नाही. त्यांच्याशी बोलेल त्याला पाचशे एक रुपये दंड. आतोबा गेले तेव्हा खांदा द्यायला आत्याच्या माहेरची माणसं आली. गावातली दारं बंद होती. दोन-तीन घरांतल्या खिडक्या तेवढ्या किलकिल्या झाल्या.

लोक घाबरतात म्हणून हे चालतं, असं आपण म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. पाच-सात पंच अख्ख्या गावाला नुसत्या धाकावर किती वर्षं ठेवणार? घर वाळीत पडलं की त्याचा मान रिकामा होतो. पालखीचा खांदा, होळीचा नारळ दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. वादातला बांध हातभर सरकतो. दंडाचे पैसे गावकीच्या पेटीत जातात आणि ती पेटी ज्याच्या घरी, त्याच्या ओटीवर माणसं बसू लागतात. आमच्याकडे ज्याच्या ओटीवर अशी बैठक जमायची, तोच पुढे जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थ झाला. एकट्या पडलेल्या घराला जमीन विकताना घासाघीस करायचं बळ उरत नाही.

कायदे झाले. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द ठरवला. नाशिकमध्ये 2013 साली जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी केली. 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, जुलै 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आता ‘वाळीत’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, कागदावर तर नाहीच. पण साक्ष द्यायला उभं कोण राहणार? त्यालाही उद्या त्याच गिरणीत दळण न्यायचं असतं.

आणि आपण? आपलं घर गावात बंद आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, म्हणून आपण गप्प बसतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे पाठवतो, कारण सभामंडपातल्या संगमरवरी फरशीवर वडिलांचं नाव कोरलं जाणार असतं. मीही पाठवले. दोनदा. ज्यांनी आत्याच्या दारातून पालखी वळवली, त्यांच्याच हाती ते पैसे गेले, हे मला ठाऊक होतं. याची मला मनापासून लाज वाटते.

यंदा पुन्हा वर्गणीचं पत्र आलं. मी उलट दोन गोष्टी विचारल्या: मागच्या जमाखर्चाची प्रत मिळेल का, आणि पालखी आत्याच्या अंगणात थांबेल का? आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पैसे मी काढून ठेवले आहेत.