सात नाणी, बत्तीस बिट

टेबलावर सात नाणी आहेत. एक ते सात नंबर दिलेली. यांचे तीन-तीनचे गट पाडायचे, अट एकच: कुठलीही दोन नाणी उचला, ती बरोबर एकाच गटात एकत्र सापडली पाहिजेत. १२३, १४५, १६७, २४६, २५७, ३४७, ३५६. सात नाणी, गटही सातच.

आता गटात असलेल्या नाण्याच्या जागी एक लिहू, नसलेल्याच्या जागी शून्य. पहिला गट १११००००, दुसरा १००११००. मोजून बघा, चार जागी फरक. कुठलेही दोन गट घ्या, फरक चारच. या सातांना त्यांची उलटी रूपं (एकाच्या जागी शून्य, शून्याच्या जागी एक) जोडा, वर सगळे शून्य आणि सगळे एक. झाले सात-सात अंकांचे सोळा शब्द, कुठल्याही दोघांत निदान तीन जागांचा फरक. असा शब्द पाठवताना वाटेत एखादा बिट, म्हणजे एखादा एक किंवा शून्य, बिघडला, तरी मूळ शब्द ओळखता येतो. आणि सात बिटांत ही हमी हवी असेल, तर सतरावा शब्द बसतच नाही. हाच गणितज्ञ रिचर्ड हॅमिंगचा कोड, १९५० चा.

सात गटांच्या ओळी एकाखाली एक लिहिल्या की एक-शून्यांची जाळी होते. तिला एकांची एक ओळ आणि एक स्तंभ जोडला की हॅडमार्ड मॅट्रिक्स नावाची चौरस जाळी तयार: कुठल्याही दोन ओळी निम्म्या जागी जुळतात, निम्म्या जागी नाही.

या गोष्टीत आता येतात नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभाग उभा करणारे शरदचंद्र श्रीखंडे. १९५९ साली राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर या गणितज्ञांसोबत त्यांनी थोर गणितज्ञ ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा एक गणिती अंदाज खोटा ठरवला. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर. त्याच वर्षी बोस-श्रीखंडे यांचा आणखी एक लेख आला, त्याची कुठे बातमी झाली नाही. मला विचाराल तर तो जास्त देखणा. लांबीच्या निम्मा फरक राखायचा आणि शब्द जास्तीत जास्त बसवायचे, असा कोड मिळणं म्हणजेच हॅडमार्ड मॅट्रिक्स मिळणं, हे त्यात सिद्ध केलं आहे.

१९७१. नासाचं मरिनर ९ हे यान मंगळाभोवती फिरू लागलं. फोटोंची माहिती सहा-सहा बिटांच्या तुकड्यांत, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या चौसष्ट शक्यता. त्या सहाचे बत्तीस बिट करून धाडले जात. कोड रीड-मुलर नावाच्या कोडांच्या घराण्यातला, वेगळ्या वाटेनं आलेला, पण आत बत्तीसची हॅडमार्ड मॅट्रिक्सच. फरक सोळा, शब्द चौसष्ट. पासष्टावा शक्यच नाही. बत्तीसपैकी सात बिट चुकले तरी तुकडा बरोबर.

फक्त यान पोचलं तेव्हा मंगळावर ग्रहभर वादळ होतं. पहिल्या फोटोंत आली ती मुख्यतः धूळ.