सर्वांत वेगाची पावलं

[दृश्य: रुग्णालयातला लांब कॉरिडॉर. जमिनीवर दोन खुणा.]

निवेदन:
या दोन खुणांमध्ये 25 मीटर अंतर आहे. इथून तिथं जायचं, वळायचं, परत यायचं. सहा मिनिटं. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेला मुलगा तेवढ्या वेळात किती मीटर चालतो, यावर कितीतरी औषधांचं भवितव्य ठरलं. मुलाच्या मागोमाग एक जण चालतो. मूल पडलंच, तर उचलायला.

हा जनुकीय आजार, प्रामुख्याने मुलग्यांना होणारा. स्नायूंच्या पेशी टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. पोटऱ्या फुगीर दिसू लागतात. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत, शरीर वर ढकलत उभं राहतं. पुढे किशोरवयाच्या आसपास बहुतेकांचं चालणं थांबतं.

2013 मध्ये ड्रिसापर्सेन या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. 186 मुलं, 48 आठवडे. सहा मिनिटांच्या चालण्यात औषध घेणाऱ्यांना ठोस फायदा दिसला नाही. औषधाचा गुण आला नाही, हे त्याचं सरळ उत्तर. पण मापाबद्दलचा प्रश्न तरीही उरतोच. दुर्मीळ आजाराची केंद्रं मोजकी, त्यामुळे घरचे लांबून येतात. प्रवासाने दमलेलं सहा-सात वर्षांचं मूल त्या दिवशी मन लावून चालेल, याची खात्री कुणी द्यायची? तीच सहा मिनिटं कागदावर उतरतात, आणि घरात, शाळेत गेलेले बाकीचे महिने कुणीच पाहत नाही.

[दृश्य: घोट्यावर पट्ट्याने बांधलेला छोटा सेन्सर.]

फ्रान्समध्ये, पॅरिसच्या मायोलॉजी (स्नायुशास्त्र) संस्थेतले डॉक्टर लॉरां सर्व्हे आणि व्हेर्नॉन गावातली सिसनाव्ह ही कंपनी यांनी या महिन्यांकडे लक्ष वळवलं. त्यांच्या उपकरणाचं नाव अ‍ॅक्टिमायो. सेन्सर मनगटावर आणि घोट्यावर बांधायचे. घोटा महत्त्वाचा. या मुलांची चाल वेगळी असते, चवड्यांवर, डुलत. हाताच्या हालचालीवरून ती नीट कळत नाही. पाय जमिनीवर टेकतो तेव्हा क्षणभर स्थिर असतो. त्या क्षणी वेग शून्य धरून सेन्सरच्या मोजणीत साचलेली चूक दुरुस्त करता येते, आणि तिथून पुढच्या पावलाचा मार्ग नव्याने मोजता येतो. जीपीएस लागत नाही. मुलाला काही लिहायचं नाही, कुठलं बटण दाबायचं नाही. रात्री उपकरण चार्जरच्या स्टँडवर ठेवलं की चार्जिंग होतं आणि नोंदी पुढे जातात. घरच्यांवरचं ओझं इतकं कमी ठेवणं, मला वाटतं, या कामातला सर्वांत समंजस निर्णय आहे.

पण एवढ्या नोंदींतून उचलायचं काय? दिवसभराची पावलं मोजली, तर सुट्टी, पाऊस, सर्दी सगळंच त्यात मिसळतं. सरासरी वेग घेतला, तर घरातल्या घरात रेंगाळणंही धरलं जातं. म्हणून त्यांनी सर्वांत वेगवान 5 टक्के पावलं निवडली, आणि ती कुठल्या वेगापासून सुरू होतात तो आकडा घेतला. त्याला 95वा सेंटाइल म्हणतात. नोंदी सुमारे 180 तासांच्या. मूल बसच्या मागे धावतं, भावाला पकडायला जातं, कुणी सांगितलेलं नसताना जीव तोडून पळतं, तेव्हाचा हा वेग. आजार बळावतो तसा तो घटत जातो.

[दृश्य: अ‍ॅमस्टरडॅम. युरोपीय औषध संस्थेची इमारत.]

2019 मध्ये युरोपीय औषध संस्थेने हे माप डुशेनच्या औषधचाचण्यांत दुय्यम निकष म्हणून मान्य केलं आणि 2023 मध्ये मुख्य निकष म्हणून. अंगावर घालायच्या उपकरणातून मिळालेल्या मापाला असा मान पहिल्यांदाच मिळाला.

याचा मुलांना काय उपयोग? माप जितकं नेमकं, तितक्या कमी मुलांवर औषधाची परीक्षा होऊ शकते. म्हणजे प्लासिबो, औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, घेणारी मुलंही कमी. इथे ही गोष्ट फार मोठी आहे, कारण प्लासिबोवरच्या त्या महिन्यांत गेलेला स्नायू परत येत नाही.

[दृश्य: व्हीलचेअरमधला किशोर, टेबलावर हात.]

मात्र चालणं थांबलेल्या मुलांना या मापाचा काहीच उपयोग नाही. त्यांच्यासाठी घास तोंडापर्यंत नेता येणं, खाज सुटली तर हात डोक्यापर्यंत पोचणं, व्हीलचेअरची जॉयस्टिक धरता येणं हेच दिवसभराचं स्वातंत्र्य असतं. मनगटावरच्या सेन्सरने ते मोजायचे प्रयत्न चालू आहेत. त्या मुलांनाही औषधं हवी आहेत, आणि ती तपासायला त्यांच्या हातांना शोभेल असं माप हवं आहे.