मतपेटीतून आलेला राजा

२५ नोव्हेंबर १९०५. हिमवर्षावात क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, बंदरात ‘हाइमदाल’ हे जहाज आले आहे. पंतप्रधान मिकेलसेन ज्या उंच नौदल अधिकाऱ्याचे स्वागत करत आहेत, त्याच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा आहे. या मुलाचे नाव कालपरवापर्यंत अलेक्झांडर होते. आता तो ओलाव्ह झाला आहे, आणि त्याचे वडील, डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल, नॉर्वेचे राजे हाकोन सातवे.

डेन्मार्कच्या राजघराण्यातला हा धाकटा मुलगा. गादी थोरल्या ख्रिश्चनकडे जाणार, म्हणून कार्ल नौदलात शिरले. १८९६ मध्ये त्यांनी पुढे इंग्लंडचे राजे झालेल्या सातव्या एडवर्ड यांची कन्या मॉड हिच्याशी विवाह केला. ती त्यांची सख्खी आतेबहीण. नॉर्वेने, एकाच राजाखाली स्वीडनशी असलेले संयुक्त राज्याचे नाते तोडल्यावर, तिथल्या संसदेचे लक्ष या दांपत्याकडे वळले. कार्ल यांनी मात्र, जनतेला राजा हवा आहे का, हे आधी तिलाच विचारा, असा आग्रह धरला. सार्वमतात २,५९,५६३ मते राजेशाहीच्या बाजूने आणि ६९,२६४ विरोधात पडली. त्या काळच्या राजपुत्राला ही अट सुचावी, याचे आजही नवल वाटते.

ओलाव्हने १९२९ मध्ये स्वीडनचीच राजकन्या मार्था हिच्याशी लग्न केले. रॅगनहिल्ड, अॅस्ट्रिड आणि हाराल्ड या नातवंडांनी घर भरले. पण नोव्हेंबर १९३८ मध्ये राणी मॉड यांचे लंडनमध्ये निधन झाले.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. दुसऱ्या दिवशी एल्वेरूम येथे जर्मन राजदूताने नाझीधार्जिणा नॉर्वेजियन नेता क्विस्लिंग याला पंतप्रधान नेमण्याची मागणी राजांपुढे ठेवली. त्याच रात्री न्यूबर्गसुंडला, दाटलेल्या कंठाने, राजांनी मंत्र्यांना सांगितले की निर्णय सरकारचा आहे, मात्र मागणी मान्य झाली तर आपण पदत्याग करू. सरकारने नकार कळवला आणि ११ एप्रिलला त्या गावावर बॉम्ब पडले. राजे आणि राजपुत्र बर्फाळ रानात लपून वाचले. थोरले बंधू, डेन्मार्कचे राजे दहावे ख्रिश्चन, तेव्हा जर्मनव्याप्त कोपनहेगनमध्येच होते.

७ जून १९४० रोजी हाकोन यांनी ट्रॉम्सो सोडून लंडन गाठले. मागे राहिलेल्या देशात लोक भिंतींवर आणि बर्फावर त्यांचे एच-सात हे चिन्ह रेखाटत राहिले. बरोबर पाच वर्षांनी, ७ जून १९४५ रोजी, ते ओस्लोला परतले. २१ सप्टेंबर १९५७ रोजी, ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि कडेवर बसून आलेला ओलाव्ह राजा झाला. हाकोन यांच्या बोलण्यातले डॅनिश वळण तेवढे अखेरपर्यंत गेले नव्हते.